आढळले नाही

नमुना क्रमांक चारशे बारा.
सोयाबीनचं बटर, झाकणाला चिकटपट्टी,
लेबल हातानं लिहिलेलं, शाई एका कोपऱ्यात तेलानं पसरलेली:
दोन चमच्यांत प्रथिने बारा ग्रॅम.

हडपसरच्या या प्रयोगशाळेत असे बारा ग्रॅम रोज येतात.
माणसं आशा लिहितात आणि पुढे ग्रॅम लावतात.

मी चिमूटभर तोलून घेतलं, आम्लात उकळत ठेवलं.
आधी भाजल्या डाळीचा वास, मग नुसता धूर,
दुपारपर्यंत नळीत पाण्यासारखं निवळ काहीतरी.
त्यातलं नत्र अमोनिया होऊन खाली उतरलं, हिरवं झालं.
ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेले
आणि एका थेंबाला,
त्याच्या आधीच्या नाही,
गुलाबी.

आलेल्या आकड्याला पाच पूर्णांक एकाहत्तरने गुणायचं.
हा गुणक सोयाबीनचा. शेंगदाण्याचा वेगळा असतो.

सात पूर्णांक नऊ. स्निग्ध अकरा. तंतू साडेतीन.
लोह आहे, पण फायटेट त्याला धरून बसतं,
सगळं काही अंगाला लागू देत नाही.
एकूण वाईट नाही. बारा मात्र नाही.

खळदकर बिबवेवाडीहून स्कूटरवर आले, हेल्मेट काखेत.
मी वादाच्या तयारीत.
"मग सात लिहितो," ते म्हणाले, "वरचे नऊ पण सोडा.
शेवटची ओळ झाली का?"

शेवटची ओळ म्हणजे शेंगदाण्याचा अंश.
मुलगी ऋता, इयत्ता तिसरी, तिला दाणा चालत नाही.
चालत नाही हे आपण पथ्यासारखं म्हणतो.
त्यांनी बोट गळ्याकडे नेलं
आणि मध्येच खाली घेतलं.

या शहरात दाणा टाळायचा म्हणजे
काकडीची कोशिंबीर टाळायची, चतुर्थी टाळायची,
वर्गातल्या वाढदिवसाला लांबच्या बाकावर बसायचं,
आणि "थोडं खाल्लं तर काय होतंय" म्हणणाऱ्या
प्रत्येक प्रेमळ बाईपासून पळायचं.

संध्याकाळी प्लेटमधली खळगी पिवळी झाली. दोनदा केलं, दोनदा पिवळी.

"घरात दाणा नाही हो, चार वर्षं."
दळता कुठे?
बराच वेळ फोनवर फक्त रहदारी.
चौकातला कांडपवाला. सोमवारी तो एका खानावळीचं कूट काढतो.
यांचं सोयाबीन मंगळवारी.

नमुना क्रमांक चारशे एकोणसत्तर.
यंत्र आता स्वतःचं, रविवार पेठेतून आणलेलं, हप्ते चालू.
लेबलवर सात पूर्णांक नऊ. नऊ सोडले नव्हते.
खळगी तशीच राहिली, रंगाशिवाय.
मी लिहिलं: आढळले नाही.

"म्हणजे नाहीच ना?"
मुजावर सरांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं,
नुसतं नाही म्हणायचा अधिकार यंत्राला नसतो.
दशलक्षात एक भाग, त्याखालचं आम्हाला दिसत नाही.
"पोत्याच्या हिशेबात सांगा."
पन्नास किलोच्या पोत्यात दाण्याचा दहावा हिस्सा.
ते अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिले,
त्यावर काही ठेवलं असल्यासारखं.
मग म्हणाले, एवढ्यावर डॉक्टरांशी बोलता येईल.

जाताना एक बरणी ठेवून गेले.
माझ्या डब्यात त्या दिवशी कोशिंबीर होती, कूट घातलेली.
ती संपवली, हात कोपरापर्यंत धुतले,
मगच झाकण फिरवलं. का, ते माहीत नाही,
मला तर काहीच होत नाही.

पावावर दोन चमचे.
जरा हिरवट वास, टाळूला चिकटतं, मागाहून कडसर.
फोन केला: भाजणी अजून दोन मिनिटं, आणि मीठ वाढवा.
पलीकडे यंत्र थांबल्याचा आवाज आला.
"ऋताही तेच म्हणते," ते म्हणाले, "मिठाचं."